सत्तावन्न नंबरच्या वाटणीच्या इनिंग : एक प्रकरण अभ्यास

कामठी रोडवर गाडी घसरली आणि आमच्या बेसबॉल संघाच्या एक नंबरच्या पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, उजवा हात मनगटाच्या वर मोडला, तेव्हा स्पर्धेला नऊ दिवस उरले होते. पोरगा धडधाकट आहे, प्लास्टर निघालं, आता पुन्हा चेंडू टाकतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ज्या संघाची गोष्ट येते त्यांच्या नशिबी हे सुख नव्हतं.

त्या संध्याकाळी पोट्टे मैदानावर जमले. दुपारी सगळे दवाखान्यात जाऊन आलेच होते, त्यामुळे तो कसा आहे हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांच्या तोंडी एकच : "सर, पहिली मॅच आता टाकणार कोण?" आमचा कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणारा, गुडघ्याचे पॅड सोडवत होता. मान वर न करताच तो म्हणाला, "टेन्शन काऊन घेऊन राहिले सर, मी टाकतो ना. मांगून बी मीच पकडतो म्हणा." सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं : गेलेल्या एकाच्या जागी दुसरा एक कोण उभा करायचा?

हा प्रश्नच चुकीचा होता. ते मला दुसऱ्या दिवशी उमगलं, जुन्या वहीत उतरवून ठेवलेलं अमेरिकेतल्या सेंट लुईस कार्डिनल्स या बेसबॉल संघाचं २००२ सालचं प्रकरण पुन्हा वाचताना. पोट्ट्यांना त्या दिवशी सराव दिला नाही. कडुलिंबाखाली बसवून हे प्रकरण सांगितलं. एप्रिल महिना, साडेपाच वाजलेले, तरी मैदानाची मुरमाड जमीन बुडाखाली तव्यासारखी तापलेली.

ज्यांनी फक्त क्रिकेट पाहिलंय त्यांच्यासाठी आधी थोडं. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये सहा महिन्यांत १६२ सामने असतात, म्हणजे जवळजवळ रोज एक. सामना नऊ इनिंगचा. डोक्यावरून पूर्ण ताकदीने शंभरेक चेंडू टाकलेला खांदा दुसऱ्या दिवशी कामाचा राहत नाही. म्हणून संघ पाच स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारे पिचर, ठेवतो, पाळीपाळीने एकेक दिवस एकेकाचा, आणि टाकून झालं की चार दिवस विश्रांती. हीच रोटेशन. स्टार्टर पाच-सहा-सात इनिंग ओढतो, उरलेल्या इनिंग बुलपेनमधले, म्हणजे राखीव ताफ्यातले, रिलीव्हर पिचर उरकतात. एक स्टार्टर गेला की फक्त त्याचा दिवस रिकामा होत नाही. तो दिवस भरायला बुलपेनला जास्त टाकावं लागतं, मग दुसऱ्या दिवशी बुलपेन थकलेलं, मग दुसऱ्या दिवसाच्या स्टार्टरला जास्त वेळ उभं ठेवावं लागतं. गाठोड्याची एक गाठ सुटली की सगळंच सैल होत जातं, तसं.

जूनचा तो आठवडा

डॅरिल काइल, वय ३३, जर्सीचा नंबर ५७. मोठा, वरून खाली कोसळणारा कर्व्ह बॉल ही त्याची ओळख. १९९३ मध्ये ह्यूस्टनकडून खेळताना त्याने नो-हिटर टाकला होता, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही हिट दिला नव्हता. कार्डिनल्सकडे आल्यावर २००० मध्ये २० विजय, २००१ मध्ये १६. दोन्ही वर्षी सव्वादोनशेच्या वर इनिंग. दुखापतग्रस्तांच्या यादीत या माणसाचं नाव कधी लागलं नव्हतं. संघाला त्याची किंमत त्याच्या विजयांपेक्षा याच गोष्टीत जास्त होती. पाचव्या दिवशी तो येणार म्हणजे येणार. घरातला मोठा भाऊ असतो ना, ज्याच्याबद्दल कोणी काळजीच करत नाही, तसा.

१८ जून २००२ ला त्याने अनाहाइम एंजल्सना हरवलं आणि संघ गटात पहिल्या जागी आला. त्याच रात्री कार्डिनल्सचे अनेक दशकांचे समालोचक जॅक बक वारले. गाव त्या दुःखातून सावरलंही नव्हतं, तोच संघ शिकागोला गेला. शनिवारी, २२ जूनला, दुपारच्या सामन्याआधी काइल मैदानावर दिसेना. हॉटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. हृदयाच्या तीनपैकी दोन धमन्या ऐंशी-नव्वद टक्के बंद झाल्या होत्या. त्याचे वडीलही चाळिशीतच गेले होते. सामना रद्द झाला. प्रेक्षकांना ते सांगायला माइकसमोर उभा राहिला तो समोरच्या संघाचा, कब्जचा, कॅचर जो जिरार्डी.

आता नुसता हिशेब बघा, आणि हा हिशेब किती निर्दय असतो तेही बघा. १८ तारखेला टाकलं, चार दिवस विश्रांती, म्हणजे पुढची पाळी २३ ला. मरणाच्या दुसऱ्याच दिवशी. त्या रविवारी रात्री कार्डिनल्स खेळले आणि ८–३ ने हरले. शनिवारचा सामना झालाच नव्हता, त्यामुळे शनिवारचा पिचर ताजा होता आणि त्या एका रात्रीची अडचण आपोआप टळली. पण एकाच रात्रीची. आपल्याकडे तेरा दिवस सुतक असतं, त्या दिवसांत घरात कोणी कामाचं विचारत नाही. बेसबॉलच्या वेळापत्रकात सुतक नसतं.

भगदाड मोजणं

पोट्ट्यांना इथे थांबवलं आणि विचारलं, त्या दिवशी कार्डिनल्सचं नेमकं किती गेलं? एक जण म्हणाला, "कप्तानासारखा माणूस गेला." बरोबर. दुसरा म्हणाला, "वीस विजय." तेही खरं. मी म्हटलं, मैदानावरचं सांगा, वहीत मांडता येईल असं.

त्या दिवशी संघाचे ४० विजय, ३१ पराभव होते. म्हणजे ७१ सामने झाले, ९१ राहिले. दर पाचवा सामना काइलचा धरला तर त्याच्या अठरा पाळ्या राहिल्या होत्या. त्या वर्षी तो सरासरी सहा इनिंग टाकत होता. अठरा सख्ख १०८. संघाला मोसम संपेपर्यंत टाकायच्या होत्या ८१९ इनिंग. त्यातल्या १०८ रिकाम्या झाल्या, आठातल्या एकीहून थोड्याच जास्त.

दुःखाला हे माप लागत नाही. पण रोटेशनला लागतं. "काइलच्या जागी कोण" याला उत्तरच नाही, कारण काइल एकच होता. "१०८ इनिंग कोण कोण वाटून घेणार" याला उत्तर आहे. माझ्या मते व्यवस्थापक टोनी ला रुसा आणि पिचिंग कोच डेव्ह डंकन यांनी उरलेल्या वर्षात हा दुसराच प्रश्न सोडवला. तसं ते कुठे बोलले असतील-नसतील, त्यांनी वापरलेल्या पिचरांची यादी मात्र हेच सांगते.

आणि काइल गेला तेव्हा बाकीची रोटेशन तरी कुठे धड होती? मॅट मॉरिस खणखणीत होता, वर्षअखेर १७ विजय. काइलचा तो जवळचा मित्र, म्हणजे सर्वांत जास्त ओझं त्याच्याच डोक्यावर. वुडी विल्यम्स टाकायचा तेव्हा सुंदर टाकायचा, ईआरए २.५३ (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा, चारच्या खाली असेल तर बरा, तीनच्या खाली असेल तर काय विचारता). पण पोटाच्या बाजूच्या स्नायूने दगा दिला आणि वर्षात त्याच्या १७ पाळ्याच झाल्या. बड स्मिथ या कोवळ्या डावखुऱ्याने आदल्या वर्षी नो-हिटर टाकला होता, या वर्षी त्याच्याने बॅटर आवरत नव्हते. अँडी बेन्स, वय ३४, गुडघ्याचा संधिवात, निवृत्तीच्या उंबरठ्यावर.

त्या मोसमात डझनाहून जास्त पिचरांनी कार्डिनल्ससाठी सामना सुरू केला. हा आकडा मी दोनदा सांगतो, कारण आपल्याकडे प्रशिक्षकाला तो कमीपणाचा वाटतो. "आमचा पिचर ठरलेला आहे" असं छाती पुढे काढून सांगायची आपल्याला सवय.

कोणी कोणी वाटून घेतलं

जेसन सिमोंटाकी. वय २८, आणि मोठ्या लीगमध्ये पहिलंच वर्ष. या वयात पोरं साधारण थकून घरी परततात. हा गडी कुठल्याही मोठ्या क्लबशी न जोडलेल्या लीगमध्ये खेळला, २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये इटलीकडून खेळला, आणि मे २००२ मध्ये कार्डिनल्सनी त्याला वर आणलं. २४ पाळ्या, ११ विजय. काइल जायच्या आधीच तो संघात होता, हे लक्षात ठेवण्यासारखं. अडचणीच्या दिवशी शोधलेला माणूस नव्हता तो, आधीपासून ताटात वाढून ठेवलेला होता.

ट्रॅव्हिस स्मिथ. दहा पाळ्या, ईआरए सातच्या वर. म्हणजे वाईट. तरी चार विजय, कारण पुजोल्स, एडमंड्स ही संघातली बॅटर मंडळी पलीकडून धावा ओतत होती. अशा पिचरची कोणी पुढे आठवण काढत नाही. पण जून ते जुलैच्या त्या चार आठवड्यांत कोणीतरी माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, उभं राहून दिवस ढकलणं गरजेचं होतं, आणि ते अशाच लोकांनी केलं. या माणसांना मी भाडेकरू म्हणतो. घर विकत मिळेपर्यंत डोक्यावर छप्पर पाहिजे.

घर मिळालं १९ जुलैला. क्लीव्हलँडने त्या वर्षीची आशा सोडली होती, त्यांच्याकडून डावखुरा चक फिनली आणला. वय ३९. बदल्यात दोन तरुण खेळाडू दिले, त्यातला एक कोको क्रिस्प पुढे अनेक वर्षं चमकला. सौदा फुकटात झाला नव्हता. फिनलीने १४ पाळ्या आणि ७ विजय दिले. काइल गेल्यापासून फिनली येईपर्यंत जवळजवळ चार आठवडे गेले, हे मात्र बघा. घाबरून पहिल्याच दिवशी मिळेल तो उचलला नाही.

अँडी बेन्सची गोष्ट मला सर्वांत आवडते. गुडघा गेलेला, जुना वेगवान चेंडू उरलेला नाही. त्याने स्प्लिटर घोटला, म्हणजे दोन बोटं फाकवून धरलेला, बॅटरपाशी येऊन खाली पडणारा चेंडू. जुलैत परत आला आणि वर्षअखेर ईआरए २.७८. मोसम संपल्यावर निवृत्त. दिवा विझायच्या आधी मोठा होतो म्हणतात, ते खरं असेल किंवा डंकन असेल. डंकन स्वतः जुना कॅचर. त्याची शिकवण साधी : बॅटरला चकवून बाद करायच्या मागे लागू नका, चेंडू खाली ठेवा, त्याला जमिनीवरून मारू द्या, मागे सात माणसं कशाला उभी आहेत? म्हाताऱ्या आणि मध्यम वेगाच्या पिचरांना हा मंत्र लागू पडतो, कारण चेंडू कमी लागतात.

आणि मग २९ जुलै. पिचरांची मारामार असलेल्या या संघाने बड स्मिथ आणि रिलीव्हर माइक टिमलिन असे दोन पिचर देऊन टाकले, सोबत प्लॅसिडो पोलांको, आणि फिलाडेल्फियाकडून स्कॉट रोलेन घेतला. रोलेन काही पिचर नव्हे. तो तिसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक, बॅटही चांगली.

इथे पोट्टे बुचकळ्यात पडले. आमचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, म्हणाला, "सर, हे तं उलटंच केलं बे त्यायनं." मग तोच दोन मिनिटं गप्प बसून म्हणाला, "पण चेंडू खाली टाकायचा म्हटलं तं मारलेला तिकडेच जाईन ना." मी त्याला त्या दिवशी चहा पाजला. पिचिंग सुधारायला पिचरच लागतो असं नाही, हे पुस्तकात वाचून कळत नाही.

सप्टेंबरमध्ये कार्डिनल्सनी गट जिंकला, ह्यूस्टनच्या १३ सामने पुढे, ९७ विजयांनी. पुजोल्स काइलची जर्सी हातात घेऊन जल्लोषात उतरला. काइल गेल्यापासून ती डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकापाशी, टांगलेली असायची. २२ जूननंतरचे विजय मोजा : ९७ वजा ४०. सत्तावन्न. हा निव्वळ योगायोग आहे हे मला कळतं, तरी वहीत त्या आकड्याभोवती मी गोल केलेला आहे.

प्लेऑफच्या पहिल्या फेरीत गाठ पडली गतविजेत्या ॲरिझोनाशी, म्हणजे रँडी जॉन्सन आणि कर्ट शिलिंग या दोन जबर पिचरांशी. कार्डिनल्सनी सलग तीन सामने जिंकले : १२–२, २–१, ६–३. सुरुवात केली अनुक्रमे मॉरिस, फिनली, बेन्स यांनी. जूनमध्ये यातला एक क्लीव्हलँडला होता आणि एकाचा गुडघा आखडलेला. पुढच्या फेरीत सॅन फ्रान्सिस्कोने मात्र ४–१ ने गुंडाळलं. ठिगळांचं धोतर लग्नात नेसता येतं, पण दूरच्या वाटेवर उसवतंच.

एक उलट उदाहरणही सांगितलं, नाहीतर पोरांना वाटतं दुःख झालं की संघ जिंकतोच. २०१९ मध्ये १ जुलैला एंजल्सचा पिचर टायलर स्कॅग्ज गेला. त्यानंतरच्या पहिल्या घरच्या सामन्यात, १२ जुलैला, सगळ्यांनी त्याचा ४५ नंबर घातला. टेलर कोलने पहिल्या दोन इनिंग टाकल्या, फेलिक्स पेन्याने उरलेल्या सात, आणि दोघांनी मिळून नो-हिटर. १३–० ने विजय. अंगावर काटा येतो. मोसम संपला तेव्हा ७२ विजय, ९० पराभव. ती रात्र खरी आणि तो तक्ताही खरा.

आपल्या घरचं उदाहरण तर नागपुरात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. २०१७ चा डिसेंबर, विदर्भ पहिल्यांदाच रणजीच्या अंतिम फेरीत, आणि उमेश यादव भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला. उपांत्य फेरीत कर्नाटकाविरुद्ध विदर्भ ५ धावांनी वाचला होता. इंदूरच्या फायनलला नवा चेंडू घ्यायच्या गटात आला आदित्य ठाकरे, प्रथम श्रेणीतला पहिलाच सामना. त्याच्याकडून कोणी उमेश व्हायची अपेक्षा केली नाही. वजन रजनीश गुरबानीने उचललं, हॅटट्रिकसह सहा बळी, आणि १ जानेवारी २०१८ ला करंडक नागपूरचा. गटात नवा आला एक आणि भार उचलला दुसऱ्याने, हे कार्डिनल्सच्या हिशेबाशी तंतोतंत जुळतं.

आमची वही

मग मी आमचं भगदाड मोजलं, आणि लाज वाटली.

पाच दिवस, जास्तीत जास्त पाच सामने, सात-सात इनिंगचे : ३५ इनिंग. अमेरिकेतल्या पिच स्मार्ट या चेंडूमर्यादेच्या तक्त्यानुसार १७–१८ वर्षांच्या पोराने ३० पर्यंत चेंडू टाकले तर दुसऱ्या दिवशी टाकायला हरकत नाही. ४५ पर्यंत एक दिवस विश्रांती, ६० पर्यंत दोन, ८० पर्यंत तीन, त्यावर चार. लागोपाठ तीन दिवस तर टाकायचंच नाही. आमच्या पोरांना एका इनिंगला अठरा-वीस चेंडू लागतात. म्हणजे तो पोरगा धडधाकट असता तरी पहिल्या दिवशी ८० चेंडू, पाचव्या दिवशी ८०. एकूण आठ-नऊ इनिंग.

पस्तिसातल्या नऊ. मग मला वीस गेल्यासारखं का वाटत होतं? कारण मी त्याच्याकडून वीस टाकून घेणार होतो. आदल्या वर्षी लागोपाठ तीन दिवस टाकून घेतलंच होतं, आणि चौथ्या दिवशी त्याने डबा डाव्या हाताने उघडला होता तेही मी पाहिलं होतं. अपघाताने आमच्यावर आणलेली अडचण छोटी होती. मोठी माझ्या हाताने तयार झालेली होती.

कॅचरला नाही म्हटलं. दिवसभर बसून-उठून चेंडू परत फेकणारा खांदा पिचिंगला लावायचा नाही. गल्लीतल्या क्रिकेटमधला एक वेगवान गोलंदाज एका पोट्ट्याने पकडून आणला. चेंडू सुसाट, पण चेंडू भरकटवून चार बॅटरना फुकटात, चालतच पहिल्या बेसवर पाठवलं. त्याला दोष नाही, सहा दिवसांत कोण शिकतो? शेवटी सॉफ्टबॉल खेळून आलेला आमचा दुसऱ्या बेसवरचा पोरगा पुढे झाला. त्याचा हात कमरेच्या जरा वरून, आडवा येतो. वेग नाही, पण चेंडू शेवटी बुडतो. डंकनला तो आवडला असता.

अडचण अशी की डंकनच्या पोरांमागे हिरवळ आणि रोलेन असतो. आमच्यामागे मुरूम. जमिनीवरून मारलेला चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा नाही, कधी हनुवटीवर येतो. म्हणून उरलेले दिवस पिचिंगला कमी आणि इनफिल्डला, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षणाला, जास्त दिले. शॉर्टस्टॉपला तिसऱ्या बेसवर हलवलं. रोज सकाळी साडेसहाला, उन्हं तापायच्या आत, शंभर जमिनीचे चेंडू. छाती पुढे, ग्लोव्ह जमिनीला टेकलेला. पोट्ट्यांच्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या. चार जणांत नऊ इनिंग वाटल्या, कोणालाही एका दिवशी तीसच्या वर नाही, आणि कोण कोणत्या दिवशी सुटीवर हे आधीच फळ्यावर लिहून टाकलं, म्हणजे सामन्याच्या भरात माझंच डोकं फिरायला नको.

प्लास्टरवाला पोरगा रोज यायचा. पहिले दोन दिवस नुसता बाकावर बसून राहिला, कोणाशी बोलेना. मग त्याच्या डाव्या हातात चेंडू मोजायचं काउंटर दिलं. त्यानंतर तो बडबडायला लागला, इतका की अंपायरने दोनदा दटावलं.

दोन सामने जिंकलो, तिसरा उपांत्य फेरीचा. सहावी इनिंग, आम्ही एका धावेने पुढे, दोन बाद, दोन बेस भरलेले. सॉफ्टबॉलवाला टाकत होता. मला वाटत होतं राहू दे त्याला, अजून एक बॅटर, काय होतंय. कॅचर माझ्याकडे बघत होता, तिसऱ्या बेसवरून शॉर्टस्टॉप बघत होता. बॅटरने चेंडू मारला, फाउल, जाळीवर आदळला. पाठीमागून काउंटरचा टिक् आवाज आला.

"सर," बाकावरून तो म्हणाला, "तीस झाले."

बॅटर संपेपर्यंत थांबलो. चेंडू खाली, मार जमिनीवर, तिसऱ्या बेसकडे, मुरमावर उसळला, पोरट्याच्या छातीला लागून समोर पडला. त्याने उचलला आणि पहिल्या बेसला फेकला. अर्ध्या पावलाने बाद.

सातव्या इनिंगला मी दुसरा पिचर उतरवला, फळ्यावर लिहिलं होतं तोच. आम्ही दोन धावांनी हरलो. बसमध्ये कॅचर म्हणाला, त्यालाच ठेवला असता तर जिंकलो असतो. असेलही. दुसऱ्या दिवशी सकाळी सॉफ्टबॉलवाला मैदानावर आला, बाटली उजव्या हातात होती आणि झाकण त्याच हाताने उघडत होता.